कॉइलचा रोध कायम असतो का?
मोटार भरणाऱ्या व इलेक्ट्रिक कारागिरांसाठी उपयुक्त माहिती

चोपडा, अडावद, यावल, रावेर या पट्ट्यात उन्हाळा चढू लागला की मोटार भरण्याच्या दुकानांवर गर्दी वाढते. केळीला पाण्याचा खंड चालत नाही, ट्यूबवेल खोल आहेत, आणि पाणबुडी मोटार बंद पडली की शेतकरी रात्रीसुद्धा दुकान उघडायला लावतो. या धंद्यात आपल्या समाजाचे अनेक कारागीर आहेत. उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढून शिकलेले, हाताला वळण असलेले. काम उत्तम असते. पण मीटरवरचा आकडा वाचताना काही वेळा घोटाळा होतो, आणि तो घोटाळा पैशांपेक्षा नावावर जास्त येतो.

एक उदाहरण घेऊ. जानेवारीत सकाळी, हवा १२ अंश असताना, एका कारागिराने मोटार भरली. फेजचा रोध मोजला तो २.२ ओहम. त्याने प्रामाणिकपणे पावतीवर तसे लिहून दिले. मे महिन्यात तीच मोटार दुसऱ्या गावच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, पत्र्याची शेड, पारा ४५ वर. तिथे मीटरने २.५ ओहम दाखवले. दुकानदार म्हणाला, "शेठ, तुम्हाला पातळ तार घालून दिली आहे. लिहिले एक, भरले दुसरे." शेतकऱ्याच्या मनात पहिल्या कारागिराविषयी कायमची अढी बसली. खरे पाहता पहिला कारागीर खोटा नव्हता, दुसऱ्याचा मीटरही खराब नव्हता. तार तीच होती. बदलले होते ते तापमान, आणि तापमानाबरोबर तांब्याचा रोध.

रोध म्हणजे ज्याला आपण दुकानात रेझिस्टन्स म्हणतो तो. वीज वाहून जाताना तारेने केलेला अडथळा. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम मिळतात, हे आयटीआयचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण हा भागाकार प्रत्येक वेळी सारखाच येतो का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. काही वस्तूंमध्ये येतो, बऱ्याच वस्तूंमध्ये येत नाही. आपल्या हातातली वस्तू कोणत्या जातीची आहे हे तपासल्याशिवाय ओहमच्या आकड्यावरून "चांगली" किंवा "जळाली" असा निकाल देणे धोक्याचे आहे.

ज्यांच्या नावाने हे माप ओळखले जाते ते जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतील एर्लांगेन गावच्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. जन्म १७८९ चा. वडिलांनी शाळेच्या मदतीशिवाय स्वतः गणित शिकून ते मुलांना शिकवले. ओहम पुढे कोलोन येथे शाळामास्तर झाले आणि फावल्या वेळात तारांवर प्रयोग करू लागले. त्यांची पहिली अडचण आजच्या कारागिराला चटकन समजेल: त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब चालू प्रयोगातच उतरत असे. दाबच स्थिर नाही, तर तारेचा रोध स्थिर आहे की नाही हे कळणार कसे? १८२६ च्या सुमारास त्यांनी यावर उपाय केला. बिस्मथ आणि तांबे या दोन धातूंचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवले. दोन्ही टोकांचे तापमान हलत नाही, म्हणून दाबही हलत नाही. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून मोजमाप केले. १८२७ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. मायदेशात प्रथम कोणी दाद दिली नाही, पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि बरीच वर्षे ओढाताणीत गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. ओहम १८५४ मध्ये वारले आणि १८८१ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या मापाला त्यांचे नाव मिळाले.

ओहम यांच्या नियमात एक अट आहे, ती दुकानात नेहमी गळून जाते. तापमान व इतर परिस्थिती तीच राहिली तरच धातूच्या तारेचा रोध कायम राहतो.

तपासणी कशी करावी ते आता पाहू. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. टॉर्चचे मोठे सेल, मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी आणि दोन साधे मल्टीमीटर पुरेत. एक मीटर अँपिअरवर ठेवून तो वस्तूच्या रांगेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडावा. दुसरा व्होल्टवर ठेवून वस्तूच्या दोन टोकांवर धरावा. अँपिअरचा मीटर कधीही सरळ बॅटरीच्या दोन टोकांवर लावू नये. फ्यूज जाईल, नाहीतर मीटर जाईल. प्रथम दोन सेल, मग चार, मग बॅटरी असा दाब वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत. सेलवर काय छापले आहे ते पाहू नये, मीटर जे दाखवेल तेच लिहावे. मग भागाकार करावा.

रेडिओ-टीव्हीच्या कामात येणारा १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घेतला तर ३ व्होल्टवर ०.३ अँपिअर आणि ६ व्होल्टवर ०.६ अँपिअर येतील. भागाकार दोन्ही वेळी १०. कागदावर आलेख काढला तर शून्यातून निघणारी सरळ रेघ मिळते. ही झाली कायम रोधाची वस्तू.

आता त्याच जागी गाडीचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा तारेचा छोटा बल्ब लावा. ३ व्होल्टवर अंदाजे ०.१९ अँपिअर, म्हणजे १६ ओहमच्या आसपास. ६ व्होल्टवर ०.२८ अँपिअर, म्हणजे २१ ओहम. १२ व्होल्टवर ०.४२ अँपिअर, म्हणजे जवळजवळ २९ ओहम. आणि हाच बल्ब थंड असताना मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर धरला तर दोन-अडीच ओहमच दिसतात. दाब चौपट झाला, पण प्रवाह दुपटीहून थोडाच जास्त झाला. कारण उघड आहे: आतली टंगस्टनची तार तापून पांढरी होते आणि तिचा रोध दहा-बारा पटींनी चढतो. घरातला २३० व्होल्ट, १०० वॅटचा जुना बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. थंड असताना मीटर चाळीसच्या आसपास दाखवतो. नवशिक्या शागिर्दाने २३० ला ४० ने भागले तर उत्तर येते पावणेसहा अँपिअर, आणि तो म्हणतो बल्ब शॉर्ट आहे! बल्ब काही शॉर्ट नसतो. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी खरोखर तेवढा प्रवाह जातो, आणि म्हणूनच जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडत.

बल्बचा हा बदलता रोध आपण रोज वापरतो, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही. दुरुस्तीच्या टेबलावर लावलेला सिरीज बल्ब आठवा. वस्तू शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, त्याचा रोध ५२९ वर चढतो आणि अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो, वस्तू वाचते. वस्तू चांगली आणि हलक्या लोडची असेल तर बल्ब विझल्यासारखा राहतो, त्याचा रोध खाली असतो आणि वस्तूला जवळजवळ पूर्ण दाब मिळतो. बल्बऐवजी कायम ५२९ ओहमचा रेझिस्टर लावला असता तर ही सोय मिळाली नसती. एलईडी बल्ब हे काम करत नाही. म्हणून ज्यांच्याकडे १०० आणि २०० वॅटचे जुने तारेचे बल्ब शिल्लक आहेत त्यांनी ते जपून ठेवावेत; बाजारात ते दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत.

शेगडी, इस्त्री आणि पाणी तापवण्याच्या रॉडची गोष्ट वेगळी. त्यांची कॉइल नायक्रोमची असते, म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. अमेरिकेतील अल्बर्ट मार्श यांनी त्याचे पेटंट १९०६ मध्ये घेतले. शेगडीची कॉइल लाल झाली तरी तिचा रोध थोड्या टक्क्यांनीच वाढतो. १००० वॅटच्या शेगडीचा हिशोबाने येणारा रोध ५२.९ ओहम, थंड असताना मीटरवर पन्नासच्या आसपास दिसला तर कॉइल बरोबर समजावी. तिथे बल्बसारखा गोंधळ होत नाही. रोध याहूनही स्थिर हवा असेल, जसा मीटरच्या आतल्या शंटसाठी लागतो, तर मँगनिन वापरतात. तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस तयार केला. शुद्ध धातू तापमानाबरोबर बदलतात. स्थिर रोध माणसाला मिश्रण करून घडवावा लागला.

आपल्या कामाचा शुद्ध धातू म्हणजे तांबे. दर अंशामागे त्याचा रोध सुमारे ०.३९ टक्के बदलतो. आकडा लहान वाटतो. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे थंडी-उन्हाळ्यात फार अंतर नसते, तिथे दुर्लक्ष केले तरी एक वेळ चालेल. खानदेशात चालत नाही. १२ अंशांपासून ४५ अंशांपर्यंत ३३ अंशांचा फरक झाला की रोध तेरा टक्क्यांहून अधिक वाढतो.

हिशोब अगदी सोपा आहे. मोजलेल्या रोधाला २५५ ने गुणावे, आणि २३५ अधिक त्या वेळचे तापमान या बेरजेने भागावे. उत्तर २० अंशांवरचा रोध असतो. वरच्या उदाहरणात जानेवारीचे २.२ गुणिले २५५ भागिले २४७, उत्तर २.२७. मेचे २.५ गुणिले २५५ भागिले २८०, उत्तर २.२८. शंभरातला एक भाग तेवढा फरक, तोही आकडे पूर्ण न लिहिल्यामुळे. तार एकच. दुसऱ्या दुकानदाराने हा एक गुणाकार केला असता तर एका कारागिराची बदनामी टळली असती.

पण यातही तापमान कॉइलचे हवे, हवेचे नव्हे. बोअरमधून नुकतीच काढलेली किंवा उन्हात ट्रॅक्टरवर पडलेली मोटार लगेच मोजून उपयोग नाही. सावलीत रात्रभर पडू द्यावी, म्हणजे कॉइल आणि हवा एकाच तापमानावर येतात. घाई असेल तर दुसरा मार्ग आहे: आकड्यापेक्षा तिन्ही फेजची एकमेकांशी तुलना करावी. तिन्ही कॉइल एकाच मोटारीत, एकाच उष्णतेत असतात, म्हणून तापमान आपोआप वजा होते. तिघांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त तफावत दिसली तर शंकेला जागा आहे.

इथे मल्टीमीटरची मर्यादा ध्यानात घ्यावी. दोन-तीन ओहम मोजताना त्याच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. निदान दोन्ही टोके एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करावा. त्याहून चांगली रीत म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये गाडीचा २१ वॅटचा बल्ब, त्याच्या रांगेत अँपिअरचा मीटर (दहा अँपिअरच्या खाचेत) आणि मोटारीची कॉइल. बल्ब प्रवाह आवरून धरतो. अँपिअर वाचा, कॉइलच्या थेट टोकांवर व्होल्ट वाचा आणि भागा. ३ व्होल्ट आणि १.५ अँपिअर आले तर रोध २ ओहम. वायरींचा रोध यात येतच नाही. मात्र बॅटरी काढण्यापूर्वी व्होल्टचा मीटर बाजूला करावा आणि उघड्या टोकांना हात लावू नये. कॉइलचा प्रवाह तोडताना क्षणभर जोराचा झटका उसळतो.

तांब्याच्या या बदलण्याचा फायदाही घेता येतो. पिठाच्या गिरणीची किंवा लूमची मोटार "फार तापते" अशी तक्रार आली तर हात लावून अंदाज करण्याची गरज नाही. चालू करण्यापूर्वी, समजा ३० अंशांवर, रोध २.४ ओहम होता. दोन तास पूर्ण लोडवर चालवून, वीज तोडून, फ्यूज काढून तत्काळ मोजला तर ३.० ओहम आला. ३.० भागिले २.४ म्हणजे १.२५. त्याला २६५ ने गुणून त्यातून २३५ वजा केले की ९६ अंश. ही कॉइलची सरासरी उष्णता. आतली सर्वात गरम जागा याहून काही अंश वरच असणार. मोटारीच्या पाटीवर इन्सुलेशनचा वर्ग बी असेल तर मर्यादा १३० अंशांची, एफ असेल तर १५५ ची. म्हणजे ही मोटार सुरक्षित आहे आणि गिऱ्हाईकाला उगाच भरण्याच्या खर्चात पाडण्याचे कारण नाही.

आता जरा कडू विषय. तांब्याचा भाव चढला की बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार "कॉपर" म्हणून येते. वरून रंग तोच, इनॅमल तेच. तापवून पाहण्याने ही ओळखू येत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियमचा रोधही तापमानाबरोबर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. ओळखू येते ती मूळ रोधावरून. २२ नंबरच्या शुद्ध तांब्याच्या १०० मीटर तारेचा रोध २० अंशांवर सुमारे ४.३ ओहम असतो. तेवढ्याच अ‍ॅल्युमिनियमचा सात ओहमच्या आसपास. मुलाम्याची तार या दोन्हींच्या मध्ये, पण बरीच अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला पडते. वजनाने तर लगेच कळते: तांब्याचे १०० मीटर सुमारे ३५० ग्रॅम भरतात, अ‍ॅल्युमिनियमचे सव्वाशेपेक्षाही कमी. व्यापाऱ्याकडून रीळ घेताना दहा मीटर तार मोजून वजन केले तरी पुरे. कारागीर स्वतः फसला तरी शेतकरी त्यालाच धरणार. आणि जाणूनबुजून अशी तार तांब्याच्या भावाने भरणाऱ्यांविषयी आम्ही वेगळे काय लिहावे? कुरआन शरीफातील ८३ वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांच्या नावानेच आहे. तारेचा नंबर आणि तारेचा धातू हेही मापच आहे.

काही वस्तू अशा आहेत की त्यांना ओहमचा आकडाच लागू पडत नाही. डायोड एका मीटरवर वीस ओहम दाखवेल, दुसऱ्यावर काही हजार, आणि टोके उलट केली तर काहीच नाही. दोन्ही मीटर बरोबर आहेत. प्रत्येक मीटर वेगळ्या दाबाने ढकलतो, आणि डायोडचा रोध दाबाप्रमाणे बदलतो. त्याला डायोडच्या रेंजवरच तपासावे. सिलिकॉनचा चांगला डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरवरची पीटीसी रिले थंड असताना कमी रोधाची असते आणि तापली की तिचा रोध हजारोंत जातो. तेच तिचे काम आहे. नुकताच बंद केलेला फ्रीज उघडून ती मोजली आणि "ओपन" म्हणून फेकली, असे होऊ नये.

मेगरचेही असेच. कॉइल आणि बॉडी यांच्यामधले इन्सुलेशन मल्टीमीटरच्या नऊ व्होल्टवर स्वच्छ दिसते आणि मेगरच्या ५०० व्होल्टवर लीक दाखवते, कारण ओलसर इन्सुलेशनचा रोध दाब वाढला की खाली येतो. तापमानाशी त्याचे नाते तांब्याच्या उलट: मोटार गरम झाली की इन्सुलेशनचा रोध घटतो, ढोबळमानाने दर दहा अंशांना निम्मा. म्हणून पावसाळ्यात भिजलेली मोटार मल्टीमीटरने "ओके" करून बोअरमध्ये सोडणे म्हणजे पाइप पुन्हा वर काढण्याची तयारी ठेवणे.

एक शंका आमच्याकडे पुष्कळ कारागीर घेऊन येतात: कॉइल २ ओहमची, दाब २३० व्होल्ट, मग ११५ अँपिअर का जात नाहीत? मीटर बॅटरीच्या सरळ प्रवाहाने मोजतो. लाइनची वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. तिथे लोखंडावरची कॉइल रोधाखेरीज वेगळा अडथळा करते, आणि फिरता रोटर उलटा दाब तयार करतो. रोटर जाम झाला की हा उलटा दाब नाहीसा होतो, टाँग टेस्टरवर प्रवाह पाच-सहा पट दिसतो आणि मोटार मिनिटांत जळते. तेव्हा ओहमच्या आकड्यावरून चालू मोटारीचा प्रवाह काढू नये. त्यासाठी टाँग टेस्टरच हवा.

दुकानात भिंतीवर एक थर्मामीटर टांगावा, स्वस्तात मिळतो. पावतीवर तारेचा नंबर, धातू, तिन्ही फेजचे ओहम आणि त्यासमोर तापमान लिहावे, शक्य असल्यास २० अंशांवर आणलेला आकडाही. तीच नोंद दुकानाच्या वहीत ठेवावी. मोटार उद्या कोणत्याही गावी उघडली गेली तरी तिथल्या कारागिराला एका गुणाकारात ती पडताळून पाहता येईल.